इंदूअक्काचं नाक

अमळनेर स्टेशनावर कुणी बाटलीचं बूच उघडलं, की गावाच्या दुसऱ्या टोकाला इंदूअक्काचं लाटणं थांबायचं. "कोनीतरी बिघडी ऱ्हायना," असं म्हणून ती पुन्हा पोळी लाटायला लागायची. मी वाढवून सांगतोय असं वाटत असेल तर भामरे सरांना विचारा. ते कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे आणि पुराव्याशिवाय पाणीही प्यायचे नाहीत. तेसुद्धा म्हणायचे, "स्टेशनापर्यंतचं मी मान्य करत नाही. पण बाजारपेठेपर्यंत पोचतं, हे मी स्वतः पडताळलेलं आहे."

अक्काची खानावळ बारा ताटांची. नवरा सुरतेला कापडगिरणीत होता. तो दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, यायचा, बाकीचं वर्ष भिंतीवरच्या फोटोतून आमच्या ताटांवर लक्ष ठेवायचा. घर नानांचं. नाना म्हणजे भुसार मालाचे व्यापारी, कडक टोपी, त्याहून कडक मान. घर देताना त्यांनी दोनच अटी घातल्या होत्या: घरात मटण शिजता कामा नये आणि बाटली येता कामा नये. अक्कानं तिसरी अट स्वतःहून घातली होती, "आनि वास लपाडनारा मानूस येता कामा नही."

मी तिथे माडीवरच्या खोलीत राहायचो. माझा खोलीतला सोबती दिलीप औषधं विकायचा आणि मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. आमचा धंदाच संशयाचा. बैलगाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांत धागा ओढायचा आणि शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणायचं, "पाणी मारलंय." नसलं मारलेलं तरी त्याचा चेहरा पडायचाच. मुठीवरून गाडीचा निकाल. असा मी संशयाचा पगार खाणारा माणूस, पण अक्कापुढे मी बालवाडीतला.

संध्याकाळी जेवायला जायचं म्हणजे उंबऱ्याशी थांबायचं. अक्का पळी हातात घेऊन पुढे यायची. "तोंड उघाड. हा कर." आपण हा करायचं. ती डोळे मिटून क्षणभर उभी राहायची, जुना वैद्य नाडी बघतो तशी, आणि निकाल यायचा. "पान. स्टँडवरली भजी, तेल कालदिननं. आनि आज आंघोय नही." एकदा भामरे सरांना तिनं सांगितलं, "सर, तुमी आज कोनाशी तरी खोटं बोलनात." सर म्हणाले, हे वासावरून सिद्ध होत नाही. रात्री मात्र मला हळूच म्हणाले, "प्राचार्यांशी बोललो होतो हो."

दूधवाल्याचं तर विचारूच नका. त्यानं आणलेल्या दुधातलं पहिलं भांडं त्यानंच प्यायचं, असा दंडक होता. "पानी टाकं व्हई तर तूच पे." बिचारा रोज पावशेर दूध घरात येऊन पिऊन जायचा. चार महिन्यांत त्याचं अंग असं भरलं की गावात बातमी उठली, दूधवाला तालमीत जातो. देवघरात नारळ फोडला तरी अक्का आधी वास घ्यायची, मग नैवेद्य. तिचं एक वाक्य मी अजून वापरतो: "देव खरा शे, पन त्याले भी एकदाव सुंघी ले."

आता अशा बाईच्या माडीवर राहून मी बीअरची बाटली आणायचो, यावरून माझं धैर्य मोजा. खानदेशातला वैशाख! डांबर पायाला चिकटून घरापर्यंत येतं, कावळे सावली भाड्यानं घेतात. दिवसभर कापसाची धूळ नाकातोंडात. एक गार बाटली, एवढंच. पहिली मी पाण्याच्या रांजणात सोडली. गेली. दुसरी उशीच्या अभ्र्यात. गेली. तिसरी गादी उसवून कापसात पुरली आणि वरून शिवली, कारण कापूस हा माझा विषय होता. संध्याकाळी गादी पुन्हा शिवलेली होती, माझ्यापेक्षा बारीक टाक्यांनी.

अक्का त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. नुसती वाढताना माझ्याकडे बघायची. दिलीपच्याही दोन गेल्या होत्या. भामरे सरांनी मात्र "माझी एकही गेलेली नाही" असं इतक्या वेळा सांगितलं की आमचा संशय बळावला.

पण खरी गोम पुढेच होती. बाटल्या जातात कुठे? फोडल्याचा आवाज नाही. गटारीला फेस नाही. भंगारवाला दर पंधरवड्याला यायचा आणि अक्काच्या मागल्या दारातून रिकाम्या बाटल्या घेऊन जायचा. रिकाम्या!

आणि दर दोन-तीन रविवारी सकाळी तो पाव.

त्याला पाव म्हणायचं कारण दुसरं नाव कुणाला सुचलं नाही. बेकरीच्या पावासारखा तो गुबगुबीत नव्हता. वरून खडबडीत, काळ्या मातीच्या भेगाळ ढेकळासारखा, आत भुरकट, जाळीदार आणि ओलसर. मीठ होतं, मिरी होती आणि अधूनमधून पिवळं, चिवट, खारट काहीतरी दाताला लागायचं. गरम असताना तुकडा ओढला की त्या पिवळ्याची तार निघायची. मी एकदा तार काढत काढत अंगणापर्यंत गेलो होतो. वास असा यायचा की नको नको म्हणता बारा माणसं चौदा ताटं मांडायची. कडू म्हणावं तर कडू नाही, आंबट म्हणावं तर आंबट नाही. ओळखीचा होता, आणि तेच संशयास्पद होतं.

"अक्का, यात पिवळं काय आहे?"

"चीज."

"म्हणजे?"

"खाय ना बाप्पा मुकाट्यानं."

भुसावळला रेल्वेत असलेला तिचा भाऊ येताना एक पत्र्याचा डबा आणायचा. दिलीपनं तो उघडा असताना पाहिला होता. तो म्हणाला, "पिवळी वडी आहे. मी सांगतो, धुण्याचा साबण आहे." आठवडाभर आम्ही आपापल्या तोंडाला फेस येतो का ते आरशात तपासलं. तरी रविवारी पाव सोडला कुणीच नाही.

आणि मग एका रविवारी मी जरा लवकर खाली उतरलो. मागच्या अंगणाच्या जाळीतून दिसलं: अक्का पाटावर बसलेली, हातात माझी बाटली. माझीच, लेबल फाटलेलं होतं तिचं. तिनं ती उजेडाकडे धरली, बूच काढलं, नाक तोंडाशी नेलं, डोळे मिटले आणि हसली. बारा माणसांचे श्वास रोज तपासणारी ती बाई माझी बाटली हुंगून हसली! मी पुढचं बघायला थांबलो नाही. मुठीत कापूस आला होता, गाडीचा निकाल लागला.

त्यानंतर तीन दिवसांनी नाना सकाळीच खानावळीत आले. आम्ही चहाला बसलो होतो. नानांच्या हातात एक पाकीट होतं. त्यांनी उभ्याउभ्याच पत्र वाचलं: "आपल्या घरात राहणारी खानावळवाली बाई चोरून मद्यप्राशन करते. रिकाम्या बाटल्या भंगारवाल्यास देते. आपल्या नावास बट्टा लागू नये ही इच्छा. आपला एक हितचिंतक." खाली नाव नाही.

 अक्काच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"इंदूबाई," नाना म्हणाले, "बाटल्या घरात आहेत की नाहीत, एवढंच सांगा."

"शेतस."

"मग काय बोलायचं! महिनाअखेर घर खाली करा."

बारा ताटं, दोन चुली, सुरतेहून वर्षातून दोनदा येणारा नवरा, आणि त्या गावात खानावळीला जागा देईल असं दुसरं एकही दार नाही. हे सगळं तिला एका दमात दिसलं असणार. पण ती रडली नाही. तिनं नुसता हात पुढे केला. "पाकीट दाखाडा."

पत्राला तिनं हातही लावला नाही. पाकीट घेतलं आणि नाकाशी नेलं. मग उलटं केलं. चिकटवलेल्या पट्टीवर पिवळा डाग होता, तेलाचा. डिंक नसला की आपण सगळेच भाताच्या शितानं पाकीट चिकटवतो. हे खिचडीच्या शितानं चिकटवलं होतं. त्यानं काही सिद्ध होत नव्हतं, संध्याकाळी खानदेशात घरोघरी खिचडीच असते. पण अक्कानं नखानं पट्टी खरवडली, काहीतरी बारीक निघालं, ते तिनं बोटांत धरून उजेडाकडे नेलं. मेथीचा दाणा. खिचडीत चिमूटभर मेथ्या टाकणारी अमळनेरात एकच बाई होती.

तेव्हा कबूल करून टाकतो. ते पत्र मी लिहिलं होतं. डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून. आणि डिंक नव्हता म्हणून तिच्याच ताटातल्या चार शितांनी चिकटवलं होतं. खाल्लेल्या अन्नाला इतक्या शब्दशः कुणी कधी जागलं नसेल.

अक्कानं दाणा कमरेच्या पिशवीत टाकला, गाठ मारली आणि म्हणाली, "नाना, घर खाली करसू. पन रविवारे तुमी या. तुमना दोन मानसं भी लई या. बाटलीनं काय व्हस ते तुमना डोयानं देखा. मंग बोला."

नाना संशयानं तिच्याकडे बघत राहिले आणि "येतो" म्हणाले.

ते चार दिवस खानावळीत जो तो दुसऱ्याच्या ताटाकडे संशयानं बघत होता. भामरे सरांनी वहीत बाराही जणांची नावं लिहून प्रत्येकापुढे हेतू, संधी, स्वभाव असे रकाने पाडले. शेवटी जाहीर केलं, "दिलीप. बाटल्या गेल्याचा राग, आणि कागद औषध कंपनीचा." कागद मी दिलीपच्या पिशवीतूनच घेतला होता. मी काय केलं? मी मान डोलावली. म्हणालो, "सर, तर्क बिनतोड आहे."

दिलीप रडकुंडीला आला. अक्का भाकरी थापता थापता बोलली, "दिलीपनं नाव कोनी लेवानं नही. तो खिचडी खास नही, भाकर खास."

एवढंच. आणि मग माझ्या ताटाशी आली, पातेलं घेऊन. "ग्रेडरभाऊ, आखो वाढू का खिचडी? कामले ई."

मी ताटावर आडवा हात धरला आणि शनिवारपर्यंत भाकरीवर काढली.

रविवारी नऊ वाजता नाना आले. सोबत दोन म्हातारे, एक ऐकणारा आणि एक न ऐकणारा. अंगणात चटया टाकल्या. अक्कानं सगळ्यांसमोर परात मांडली: मैदा, मीठ, थोडी साखर, मिरपूड, बेकिंग पावडर. डब्यातलं चीज किसलं. नाना पुढे वाकले, "हे काय, साबण?" दिलीप माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ!"

मग तिनं बाटली उघडली. न ऐकणारे म्हातारे सावरून बसले. त्यांना तो आवाज ऐकू आला.

अक्का परातीत ओतता ओतता सांगत होती. लग्नानंतर इथल्याच एका तेलाच्या कारखान्यात एक परदेशी फिटर यंत्र बसवायला आला होता, त्याच्या बंगल्यावर ती स्वयंपाकाला होती. त्याच्या मडमेला पाव लागायचा, आणि तेव्हा अमळनेरात पाव फुगवायचं खमीर मिळत नव्हतं. नवऱ्याच्या बाटलीतली बीअर घालून ती पाव करायची. "ती बोले, मी देखू. माले तिन्ही भाषा समजे नही, तिले मन्ही समजे नही. पन वास समजे." फेस आलेलं पीठ अक्कानं चमच्यानं चार वेढे ढवळलं आणि सोडलं. "याले मयानं नही. जास्त हात लागना का रुसस."

मडमेकडे ओव्हन होता. अक्काकडे आखाजीला मांडे भाजायची खापरं होती. एका खापरात वाळू तापवलेली, तिच्यावर पिठाचा डबा, त्यावर दुसरं खापर पालथं आणि त्याच्या पाठीवर पऱ्हाटीचे निखारे. म्हणजे माझ्याच कापसाच्या काटक्या.

"पण बाटली ओतून द्यायची!" नाना म्हणाले. "गटारीत! तुम्ही तर दारूच्या वैरीण."

"नाना, हाई जव शे." अक्कानं बाटली उचलून धरली. "जवनं बनस. मानसंस्नी तिन्ही वाट लाई. आते तुमी भुसारना व्यापारी. सांगा, धान्य कोन गटारमा फेकस? मी तिले परत भाकर करस. इस्तूवर ठेवं का तिन्हामधला सैतान धूर व्हईसन चालना जास. धान्य ऱ्हास."

"आणि हुंगून हसतेस ते?" असं मी विचारणार होतो. विचारलं असतं तर मेलोच असतो.

पाऊण तासानं खापर उचललं. तो वास! मी खोटं बोलत नाही, शेजारच्या गल्लीतली कुत्री येऊन रांगेत बसली. नानांनी मात्र तोंडाला उपरणं लावलं. "मी खाणार नाही. आधी कुणाला तरी खाऊ घाला. चढते की नाही बघू. आणि मग या गटारीच्या कठड्यावरून चालवा. झोकांडी गेली तर आजच सामान बाहेर."

दारापुढच्या गटारीचा कठडा एका विटेच्या रुंदीचा होता, वीसेक पावलांचा.

"मी खातो," दिलीप म्हणाला. भामरे सरांनीही हात वर केला.

अक्कानं दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. "नही. हाऊ खाई." तिनं पळी माझ्याकडे रोखली होती.

अर्धा पाव माझ्यापुढे आला. मी खाल्ला. नाना घड्याळ काढून बसले. "अर्धा तास जाऊ द्या. चढायला वेळ लागतो."

"नाना, हे आपणांस कसं ठाऊक?" भामरे सरांनी विचारलं.

"आसव घेतो मी. वैद्यानं दिलेलं. रात्री दोन चमचे." नाना चटकन म्हणाले. सरांनी वही उघडली आणि काहीतरी लिहून घेतलं.

अर्ध्या तासानं मी कठड्यावर चढलो. पोटात पाव, डोक्यात सूर्य. चढलं काहीच नव्हतं. पण पाचव्या पावलाशी एक विचार आला: एक झोकांडी. फक्त एक. मग माझं पत्र खरं, मी हितचिंतक, तीन बाटल्यांचा हिशोब चुकता. कुणाला कळणारही नाही. पाय घसरायला काय, वीटच ती.

कठड्याच्या दुसऱ्या टोकाला अक्का उभी होती. हात जोडलेले नव्हते, डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्या पायांकडे नाही, तोंडाकडे बघत होती आणि अंगठा नि बोटात काहीतरी बारीक घोळवत होती. मला ते दिसणं शक्य नव्हतं. तरी दिसलं.

मी सहावं पाऊल टाकलं.

"पाय कापताहेत!" नाना उठले.

"ते पावमुये नही नाना," अक्का शांतपणे म्हणाली. "त्याले दुसरं काही व्हयेल शे. पोचू द्या त्याले."

मी पोचलो. काश्मीर ते कन्याकुमारी चाललो असतो तरी इतका दमलो नसतो. उतरल्यावर ती पुढे आली. "तोंड उघाड. हा कर." मी हा केला. ती डोळे मिटून उभी राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग नानांकडे वळली. "काहीच नही. पाव शे."

नानांनी तपासणीपुरता एक तुकडा घेतला. तपासणी पुरी झाली नाही म्हणून दुसरा घेतला. तिसऱ्यावर ते म्हणाले, "घर राहू द्या. पण बाटली कुणी आणली तर ती आधी मला दाखवायची." त्यानंतर दर रविवारी नानांचा माणूस कापडी पिशवी घेऊन मागल्या दारानं यायचा आणि पाव घेऊन जायचा. पिशवीत काय असायचं ते मी पाहिलेलं नाही. ऐकलेलं मात्र पुष्कळ आहे.

त्यानंतर चार वर्षं मी तिथे जेवलो. एकही बाटली आणली नाही. अक्कानं त्या पत्राबद्दल एकदाही, एका शब्दानंही विचारलं नाही. त्याचा त्रास काय असतो ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. खिचडीत मेथीचा दाणा लागला की मी चावायचो नाही, गिळायचो. दिलीपची माफी मागितली, कशाबद्दल ते न सांगता. तो अजून संशयात आहे.

मग माझी बदली धुळ्याला झाली. निघायच्या दिवशी बस दुपारची होती. वळकटी, पेटी घेऊन खाली आलो तर अक्का उंबऱ्याशी. सवयीनं मी तोंड उघडलं. तिनं हात हलवला, नको. कागदात गुंडाळलेला गरम पाव माझ्या हातात दिला. वर अजून एक पुडकं.

"धुयाले पोचना का पत्र टाक."

"टाकतो, अक्का."

"आनि खाले नाव लिखजो."

मी मान वर केली नाही. पेटी उचलली आणि चालू लागलो. गल्लीच्या वळणावर मागे पाहिलं. माझ्या जागी आलेला नवा ग्रेडर उंबऱ्यावर तोंड उघडून उभा होता, आणि अक्का डोळे मिटून त्याचा श्वास वाचत होती.

अमळनेर मागे पडलं तेव्हा मी पुडकं सोडलं. त्यात एक कोरं पाकीट होतं आणि डिंकाची एक बाटली. पोरं शाळेत नेतात तसली, छोटी. तिनं माझ्या चार बाटल्या घेतल्या असं मी सगळ्यांना सांगत आलोय. खरं तर तीन घेतल्या, एक दिली.